वाळवंटी प्रदेशातील भूऔष्णिक ऊर्जेचा शोध आणि विकास: उष्णतेच्या आधी पाण्याचा हिशेब

राजापूरजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणी माणूस ‘उन्हाळे’ म्हणतो, आणि तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे अशी त्याची भावंडे किनाऱ्याला समांतर थेट वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत पसरलेली आहेत. गोव्यात आपल्या परिचयाच्या झरी, केसरव्हाळची झर धरून, थंड पाण्याच्या आहेत. त्यामुळे भूऔष्णिक ऊर्जा, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा, हा विषय आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. तरीही हे मार्गदर्शन मी मुख्यतः गोव्यातील वाचकांसाठी लिहीत आहे. २०१२ आणि २०१८ मध्ये आपल्या खाणी थांबल्यानंतर डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील अनेक भूवैज्ञानिक, सर्वेक्षक आणि वेधनयंत्रे (जमिनीत खोल भोक पाडणारी यंत्रे) चालवणारे कुशल कामगार कच्छ, राजस्थान, ओमान, अमिराती अशा कोरड्या मुलखांत कामाला गेले, आणि भूऔष्णिक प्रकल्पांची गरज नेमकी अशाच हातांना आहे. शिवाय केंद्र सरकारने २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केल्यापासून या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्याही वाढते आहे.

वाळवंटातील प्रकल्पाबद्दल बोलताना गुंतवणूकदार पहिला प्रश्न ‘तापमान किती?’ हा विचारतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पृथ्वीच्या कवचात कोठेही खोल गेले तरी दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते. उष्णता सर्वत्र आहे. ती वर आणणारे पाणी, ते पाणी खेळू देणाऱ्या भेगा आणि वापरलेले पाणी परत खाली घेणारा खडक या तीन गोष्टी मात्र क्वचित एकत्र आढळतात, आणि वाळवंटात तर त्यातील पहिलीच दुर्मिळ असते. पुढील प्रत्येक पायरीवर हे लक्षात ठेवावे.

कागदांपासून सुरुवात

प्रत्यक्ष जागेवर उतरण्यापूर्वी जुनी नोंद-कागदपत्रे मिळवावीत, कारण या टप्प्यावर खर्च केलेला एक महिना पुढे वेधनाचे कोट्यवधी रुपये वाचवतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात देशातील ३८१ उष्ण स्थळांची नोंद आहे, आणि देशाची एकूण क्षमता सुमारे १०,६०० मेगावॉट असल्याचा अंदाज वारंवार उद्धृत केला जातो. हा आकडा प्रकल्पाच्या अहवालात घालण्यास हरकत नाही, परंतु तो आपल्या जागेविषयी काहीही सांगत नाही, हे वाचणाऱ्याला स्पष्ट करावे.

त्याहून मोलाची माहिती तेल-वायूच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जुन्या विहिरींत दडलेली असते. राजस्थानातील बाडमेर खोरे आणि गुजरातमधील खंबातचे खोरे येथे तेलासाठी खोदलेल्या असंख्य विहिरींची तळ-तापमाने नोंदलेली आहेत. ही तापमाने जशीच्या तशी घेऊ नयेत. वेधनाच्या वेळी फिरवलेल्या चिखलामुळे विहिरीचा तळ थंड झालेला असतो आणि वेधन थांबल्यावर काही तासांतच घेतलेले मापन खऱ्यापेक्षा कमी भरते. एकाच खोलीवर वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन-तीन मापने उपलब्ध असल्यास हॉर्नर पद्धतीने (वेळेनुसार वाढत गेलेल्या मापनांवरून मूळ तापमान काढण्याच्या रीतीने) ती दुरुस्त करावीत, आणि एकच मापन असल्यास त्याला किमान मर्यादा मानावी.

उघड्या जमिनीचा फायदा

वाळवंटाने एक गोष्ट मात्र उदारपणे दिलेली आहे: तेथील जमीन उघडी असते. आपल्याकडे जांभ्याचा जाड थर, त्यावर झाडी आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, यांमुळे खालचा खडक पाहण्यासाठी खाणीची कातळभिंत किंवा रस्त्याचे कटिंग शोधावे लागते. जैसलमेरला किंवा लडाखला तसे नाही. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांत खनिजे थेट ओळखता येतात. गरम पाण्याने बदललेल्या खडकातील केओलिनाइट आणि अ‍ॅल्युनाइट, झऱ्यांनी साचवलेले सिलिकाचे आणि चुनखडीचे थर, कोरड्या सरोवरांच्या काठावरील बोरॅक्सची पांढरी पुटे ही सारी जुन्या किंवा चालू उष्ण प्रवाहाची चिन्हे आहेत. लडाखमधील पुगा खोऱ्यात बोरॅक्स आणि गंधक दोन्ही जमिनीवर दिसतात. उष्ण पट्टे शोधण्यासाठी पहाटेपूर्वीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रतिमा वापराव्यात, कारण दिवसाचे ऊन खाल्लेली काळी शिळा दुपारच्या प्रतिमेत भूऔष्णिक स्थळासारखीच चमकते.

यानंतर भ्रंशांचा, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकलेला आहे अशा तड्यांचा, नकाशा तयार करावा. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील कोरड्या खोऱ्यांत दशकानुदशके झालेल्या अभ्यासातून एक उपयुक्त गोष्ट कळलेली आहे: गरम पाणी मोठ्या भ्रंशाच्या मध्यावर क्वचित सापडते, ते भ्रंशाच्या टोकाशी, दोन भ्रंश एकमेकांना छेदतात तेथे, किंवा एक भ्रंश संपून शेजारी दुसरा सुरू होतो त्या दुव्यावर वर येते, कारण तेथे खडक वारंवार चुरडला जाऊन भेगा उघड्या राहतात. म्हणून नकाशावर सर्वांत ठळक रेषा शोधण्याऐवजी रेषांच्या गाठी शोधाव्यात. पृष्ठभागावर झरा नाही म्हणून जागा सोडूनही देऊ नये; वाळवंटात पाण्याची पातळी खोल असल्याने गरम पाणी वर न येता वाळूखालीच आडवे पसरते.

अशा झाकलेल्या स्थळांसाठी दोन मीटर खोलीवरील तापमानाची पाहणी हे अतिशय स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. पोकळ पोलादी सळई जमिनीत दोन मीटर ठोकावी, तिच्या तळाशी प्लॅटिनमचा तापमापक सोडावा, किमान एक तास थांबून वाचन घ्यावे आणि पुढच्या ठिकाणी जावे. वीस सळया असतील तर दोन माणसे एका दिवसात मोठा पट्टा मोजू शकतात. दोन मीटरवर दिवस-रात्रीचा फरक पोहोचत नाही, परंतु ऋतूंचा पोहोचतो, म्हणून एक सळई कायम ठेवून तिचे वाचन दररोज घ्यावे आणि बाकीच्या नोंदी तिच्या आधारे दुरुस्त कराव्यात. डोंगराचा उतार कोणत्या दिशेला आहे आणि माती गडद आहे की फिकट, हेही लिहून ठेवावे. ही पद्धत गोव्यात चालणार नाही, कारण पावसाळ्यातील झिरपते पाणी उथळ उष्णता धुऊन नेते. वाळवंटात ती चालते ती तेथे पाऊस नसल्यामुळेच.

पाण्याचा नमुना

जेथे झरा, विहीर किंवा कूपनलिका असेल तेथून पाणी घ्यावे, आणि ते नीट घ्यावे. नमुना घेण्यातील चूक प्रयोगशाळेतील कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. तापमान, सामू (पीएच) आणि क्षारता जागेवरच मोजावी. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून एका बाटलीत धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून ठेवावे, दुसऱ्या बाटलीत क्लोराइड-सल्फेटसाठी काहीही न घालता ठेवावे, आणि तिसऱ्या बाटलीत सिलिकासाठी जागेवरच दसपट शुद्ध पाणी मिसळावे. हे विरलन न केल्यास गरम पाण्यातील सिलिका बाटली थंड होताच साखळ्या करून बसते आणि प्रयोगशाळेला ती दिसत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका संपूर्ण मोहिमेचे नमुने असे वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यावरून काढलेले साठ्याचे तापमान चांगलेच कमी आले होते.

सिलिकेवरून खोल तापमान काढण्याचे सूत्र सोपे आहे. खालच्या पाण्यातील सिलिकेचा समतोल खडकातील क्वार्ट्‌झशी झालेला असल्यास, ५.१९ मधून सिलिकेच्या प्रमाणाचा (मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम) दशमान लॉगरिदम वजा करावा, १३०९ ला त्या बाकीने भागावे आणि २७३ वजा करावेत. समजा सिलिका १५० आली. तिचा लॉगरिदम २.१७६, बाकी ३.०१४, भागाकार सुमारे ४३४, म्हणजे तापमान सुमारे १६१ अंश. हाच समतोल क्वार्ट्‌झऐवजी कॅल्सेडनी या सिलिकेच्याच दुसऱ्या रूपाशी झालेला असेल तर सूत्रातील आकडे १०३२ आणि ४.६९ होतात आणि उत्तर सुमारे १३७ अंश येते. एकाच बाटलीतून दोन उत्तरे, चोवीस अंशांचा फरक! म्हणून सोडियम-पोटॅशियम आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम या गुणोत्तरांवरूनही तापमान काढावे आणि तिन्हींची सांगड बसते का ते पाहावे. मॅग्नेशियम जास्त असल्यास वर येताना थंड पाणी मिसळलेले आहे, असे समजावे.

वाळवंटात येथे एक फसवणूक होते. बाष्पीभवनामुळे उथळ पाण्यातील प्रत्येक क्षार घट्ट होतो, सिलिकाही. कोरड्या सरोवराच्या काठच्या विहिरीत २०० मिलिग्रॅम सिलिका मिळाली म्हणून खाली उकळते पाणी आहे, असा निष्कर्ष काढू नये. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या स्थिर समस्थानिकांची (आयसोटोपांची) तपासणी करावी. बाष्पीभवन झालेले पाणी आलेखावर पावसाच्या पाण्याच्या रेषेपासून स्पष्टपणे बाजूला पडते. हीच तपासणी दुसऱ्या, अधिक गंभीर प्रश्नाच्या उत्तराकडेही बोट दाखवते: हे पाणी आजच्या पावसातून येते आहे की हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात साठलेले आहे. ते जुने असेल तर आपण वार्षिक उत्पन्नावर जगत नसून ठेव मोडत आहोत, आणि प्रकल्पाची आखणी त्या जाणिवेने करावी लागेल.

भूभौतिकी पाहणी

गुरुत्वाकर्षणाच्या मापनाने वाळूखालचे भ्रंश सापडतात आणि मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीने (जमिनीतील नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजून) काही किलोमीटर खोलीपर्यंतची विद्युत्‌रोधकता कळते. उष्ण साठ्याच्या माथ्यावर स्मेक्टाइट नावाच्या मातीचे झाकण तयार होते आणि त्याची रोधकता फार कमी असते; सुमारे १८० ते २०० अंशांच्या पुढे ती माती बदलून इलाइट-क्लोराइट बनते आणि रोधकता पुन्हा वाढते. म्हणजे कमी रोधकतेच्या घुमटाखालचा वाढत्या रोधकतेचा भाग हा आपला लक्ष्यभाग होय. तथापि खारट गाळही इतकीच कमी रोधकता दाखवतो. आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या खाजन जमिनीत रोधकता मोजणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही, आणि कच्छचे रण म्हणजे त्या दृष्टीने अफाट खाजनच आहे. कोरड्या वाळूत इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही. खड्ड्यात मिठाच्या पाण्यात कालवलेली बेंटोनाइट माती भरून त्यात इलेक्ट्रोड बसवावा आणि मापनापूर्वी तो स्थिरावू द्यावा.

तापवाढीच्या बोअर

आता पहिल्यांदा वेधन. शंभर ते दीडशे मीटर खोलीच्या, कमी व्यासाच्या काही बोअर घ्याव्यात, त्यांत तळाशी बंद केलेला पाइप सोडून तो पाण्याने भरावा, बाहेरची पोकळी सिमेंट किंवा बेंटोनाइटने बुजवावी आणि काही आठवडे तिला हात लावू नये. त्यानंतर तापमापक हळूहळू खाली सोडत प्रत्येक मीटरवर वाचन घ्यावे. पाइप पाण्याने भरणे वाळवंटात अत्यावश्यक आहे, कारण भूजलपातळी खोल असल्याने रिकाम्या पाइपमध्ये हवा फिरते आणि वाचने निरर्थक होतात.

या टप्प्यावर होणारी एक चूक मला सविस्तर सांगितली पाहिजे. कोरडी वाळू उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. तिची उष्णतावाहकता मीटरला अंशामागे सुमारे ०.३ वॉट असते, तर ग्रॅनाइटची सुमारे ३ असते. भूखंडांवरील सर्वसाधारण उष्णताप्रवाह दर चौरस मीटरला सुमारे ६५ मिलिवॉट आहे. तेवढाच, अगदी सामान्य, प्रवाह कोरड्या वाळूतून जात असेल तर तापमान दर शंभर मीटरला जवळजवळ २२ अंशांनी वाढलेले दिसते, म्हणजे किलोमीटरला २१७ अंश! हा आकडा पाहून आनंदित झालेला अहवाल संचालकांपर्यंत गेला तर तो मागे घेणे फार कठीण असते. वाळू संपून खडक लागताच हीच वाढ किलोमीटरला वीस-पंचवीस अंशांवर उतरते. म्हणून तापवाढ कधीही एकटी लिहू नये. प्रत्येक थराच्या नमुन्याची उष्णतावाहकता मोजून दोहोंचा गुणाकार, म्हणजे उष्णताप्रवाह, लिहावा. बोअरमधून निघालेले गाभे (खडकाचे दंडगोलाकार नमुने) क्रमाने पेट्यांत लावून त्यांची नोंद करण्याची शिस्त खाणीत काम केलेल्या गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि या कामात तिचे मोल फार मोठे आहे.

आणखी एका प्रकारेही फसगत होते. उथळ थरातून गरम पाणी आडवे वाहत असेल तर वरच्या शंभर मीटरांत तापमान झपाट्याने वाढते आणि त्याखाली चक्क कमी होते. त्यामुळे उथळ बोअरची रेषा खाली सरळ वाढवून ‘दोन किलोमीटरवर दोनशे अंश’ असे कधीही लिहू नये. पुगा येथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात ३४ बोअर घेतल्या, त्यांतील सर्वांत खोल सुमारे ३८५ मीटरची होती आणि कमाल तापमान सुमारे १४० अंश मिळाले. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवरील त्या खोऱ्यात पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे १४० अंशांचे महत्त्व कळते. मोजलेले तापमान आणि रसायनावरून काढलेले तापमान हे अहवालात नेहमी वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत.

साठ्याचा अंदाज

साठा किती आहे, हे साध्या गुणाकाराने काढता येते, आणि तो गुणाकार हाताने केल्याशिवाय संगणकावर जाऊ नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. समजा पाच चौरस किलोमीटर क्षेत्र, एक किलोमीटर जाडी, साठ्याचे तापमान १५० अंश आणि वापरून झालेले पाणी ८० अंशांचे. एक घनमीटर ओला खडक एका अंशाने थंड झाला की सुमारे २७ लाख ज्यूल उष्णता देतो. पाचशे कोटी घनमीटर, गुणिले २७ लाख, गुणिले ७० अंश, म्हणजे सुमारे ९४५ पेटाज्यूल; एक पेटाज्यूल म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके ज्यूल. यातील दहा टक्केच उष्णता विहिरींपर्यंत येईल आणि आलेल्यापैकी दहा टक्केच वीज होईल, असे धरले तर ९.४५ पेटाज्यूल उरतात. तीस वर्षांचे सुमारे ९४.६ कोटी सेकंद होतात. भागाकार आला जवळजवळ दहा मेगावॉट.

आता या उत्तरावर विश्वास किती ठेवावा? उष्णता हाती येण्याचे प्रमाण ५ ते २० टक्क्यांमध्ये कोठेही असू शकते, म्हणजे एवढ्या एका गृहीतकाने उत्तर पाच ते वीस मेगावॉटच्या दरम्यान हलते. क्षेत्र आणि जाडी यांची अनिश्चितता त्याहून वेगळी. म्हणून प्रत्येक घटकाची किमान, संभाव्य आणि कमाल किंमत ठरवून हजारो वेळा गणित चालवावे आणि नव्वद टक्के, पन्नास टक्के व दहा टक्के खात्रीचे असे तीन आकडे द्यावेत. कर्ज नव्वद टक्क्यांच्या आकड्यावर मागावे.

याच दहा मेगावॉटना पाणी किती लागेल, ते पाहू. दहा टक्के कार्यक्षमतेला शंभर मेगावॉट उष्णता हवी. ७० अंशांनी थंड होणारे एक किलो पाणी सुमारे २९४ किलोज्यूल देते. म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० लिटर, दिवसाला जवळजवळ तीन कोटी लिटर पाणी वर यावे लागेल. एका विहिरीतून सेकंदाला ५० लिटर मिळाले तरी सात उत्पादक विहिरी झाल्या, आणि परत सोडण्याच्या विहिरी वेगळ्या. वर आलेल्या पाण्यापैकी फक्त पाच टक्के परत गेले नाही तर दिवसाला सुमारे पंधरा लाख लिटरची तूट येते. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोणत्याही गोमंतकीय गृहिणीला सांगायचे तर दहा हजार लिटरचे दीडशे टँकर, रोज, आणि तेही वाळवंटात.

पाण्याची तरतूद आणि थंड करण्याची पद्धत

म्हणून वाळवंटात बायनरी पद्धतीचे बंद संयंत्रच निवडावे. त्यात भूगर्भातील पाणी स्वतः टर्बाइनमध्ये जात नाही. ते कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला उष्णता देते आणि सगळेच्या सगळे परत खाली सोडता येते. थंड करण्यासाठी पाण्याचे मनोरे न बांधता हवेचे पंखे वापरावेत. याची किंमत मोजावी लागते, आणि ती आधीच हिशेबात धरावी. १५० अंशांच्या पाण्यासाठी बाहेरची हवा १५ अंशांची असताना कार्यक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ३२ टक्के असते; हवा ४५ अंशांची झाली की ती सुमारे २५ टक्क्यांवर येते, आणि प्रत्यक्ष संयंत्राची घट यापेक्षाही जास्त असते. राजस्थानात मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा विजेची मागणी शिगेला पोहोचते, तेव्हाच उत्पादन सर्वांत कमी होईल. अशा ठिकाणी दुपारचा वाटा सौरऊर्जेने उचलावा आणि भूऔष्णिक वीज रात्रीसाठी करारबद्ध करावी. लडाखच्या थंड वाळवंटात मात्र हीच हवा आपल्या बाजूने काम करते; वीज आणि उष्णता यांची गरज हिवाळ्यात सर्वाधिक असते आणि संयंत्रही तेव्हाच सर्वांत चांगले चालते.

वेधनासाठी आणि तूट भरून काढण्यासाठी गोड्या पाण्याला हात लावू नये. बाडमेरच्या तेलक्षेत्रात साठ्याचा दाब टिकवण्यासाठी थुंबली येथील खोल, खारे भूजल वापरले जाते. असे खारे जलस्तर वाळवंटात अनेक ठिकाणी आहेत आणि ते कोणाच्याही पिण्याचे नाहीत. कॅलिफोर्नियातील गीझर्स या भूऔष्णिक क्षेत्रात १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब झपाट्याने घसरला, तेव्हा जवळच्या शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडण्यात आले. तो प्रदेश वाळवंट नाही, तरी युक्ती वाळवंटासाठीच योग्य आहे. खारे पाणी वापरण्यापूर्वी ते साठ्यातील पाण्यात मिसळल्यास कॅल्साइट किंवा सल्फेटचे थर जमतील का, याची प्रयोगशाळेत चाचणी घ्यावी.

खोल विहीर

खोल विहिरीचा तपशील अनुभवी वेधन अभियंत्यावर सोपवावा, परंतु तीन बाबी मालकानेही तपासाव्यात. एक, केसिंगचा (विहिरीच्या भिंतीला आधार देणाऱ्या पोलादी पाइपभोवतीचा) सिमेंट तळापासून जमिनीपर्यंत अखंड भरलेला असावा. तेलाच्या विहिरीत काही भाग मोकळा ठेवलेला चालतो, येथे नाही, कारण गरम होणारा पोलादी पाइप लांबतो आणि आधार नसलेल्या ठिकाणी वाकतो. दोन, सुमारे ११० अंशांच्या वर साधा सिमेंट कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून त्यात ३५ ते ४० टक्के सिलिकेची पूड मिसळावी. तीन, हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने विहिरीच्या तोंडाजवळच्या खड्ड्यात साठतो आणि मोठ्या प्रमाणात नाकाला कळेनासा होतो. मापक यंत्राशिवाय कोणीही त्या खड्ड्यात उतरू नये, मग ते काम पाच मिनिटांचे असो. उघड्या खाणीत काम केलेल्या माणसाला या धोक्याची सवय नसते, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

विहीर लागल्यावर एक-दोन दिवस जोरात वाहिली म्हणून चाचणी संपली असे समजू नये. काही आठवडे, शक्य असल्यास काही महिने, वेगवेगळ्या प्रवाहांवर चाचणी घ्यावी, शेजारच्या विहिरीतील दाब त्याच वेळी मोजावा आणि परत सोडलेल्या पाण्यात खुणेचे रसायन मिसळून ते उत्पादक विहिरीत किती दिवसांनी येते ते पाहावे. ते फार लवकर आले तर थंड पाणीही तितक्याच लवकर येईल.

खडकात भेगाच नसल्या तर पाण्याच्या दाबाने त्या निर्माण करता येतात. राजस्थानातील मालाणी समूहाचे, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइट किरणोत्सर्गी उष्णतेमुळे यासाठी चर्चेत असतात. ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटात इनामिन्का येथे ४ किलोमीटरहून खोल, सुमारे २५० अंशांच्या ग्रॅनाइटमध्ये हे करून पाहिले गेले. २०१३ मध्ये एक मेगावॉटचे प्रायोगिक संयंत्र काही महिने चालले आणि नंतर प्रकल्प सोडून द्यावा लागला. उटा आणि नेवाडा येथील आडव्या विहिरींच्या अलीकडच्या प्रयोगांनी आशा वाढवली आहे, तरी पहिल्याच प्रकल्पासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. कच्छमध्ये तर २६ जानेवारी २००१चा भूकंप लक्षात ठेवून, सूक्ष्म धक्क्यांचे जाळे बसवल्याशिवाय आणि कोणत्या तीव्रतेला पंप बंद करायचा ते लेखी ठरवल्याशिवाय, दाबाने पाणी सोडूच नये.

वीजच हवी का?

ऑस्ट्रेलियातील बर्ड्सव्हिल या वाळवंटी गावात पिण्याच्या पाण्याच्या खोल विहिरीतून ९८ अंशांचे पाणी येते आणि त्यावर निव्वळ ८० किलोवॉटचे छोटे संयंत्र अनेक वर्षे चालले. आकडा लहान आहे, परंतु विहीर आधीचीच होती आणि डिझेल लांबून आणावे लागत होते, म्हणून तो व्यवहार पटणारा होता. अबूधाबीतील मस्दार शहरात ९० अंशांहून गरम पाण्यावर शोषण पद्धतीची शीतयंत्रे चालवून इमारती थंड करण्यास २०२३ मध्ये सुरुवात झाली. आखातात काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांनी तो प्रकल्प जरूर पाहावा, कारण ९०-१०० अंशांच्या पाण्यापासून वीज करण्यापेक्षा गारवा करणे बहुधा अधिक फायद्याचे ठरते. लडाखात त्याच पाण्याने घरे आणि हरितगृहे उबदार ठेवावीत, वीज त्यानंतर.

स्थानिकांची संमती आणि नोंदी

पुगाच्या परिसरात चांगपा पशुपालक पश्मिना शेळ्या चारतात आणि तेथील पाणथळ जागांत काळ्या मानेचे क्रौंच येतात. तेथील पाण्यात बोरॉनसारखे घटक असल्याने ते ओढ्यात सांडणे म्हणजे चराऊ कुरणाचे नुकसान. चिलीच्या अटाकामा वाळवंटात एल तातियो येथे २००९ मध्ये एका विहिरीवरील नियंत्रण सुटून सुमारे ६० मीटर उंच वाफेचा झोत उसळला आणि आधीच साशंक असलेल्या स्थानिकांच्या विरोधामुळे तो प्रकल्प तेथेच थांबला. खाणीच्या ट्रकांच्या धुळीत राहिलेल्या आपल्या गावांना अशा विरोधाचे कारण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून वेधनयंत्र रस्त्यावर येण्याच्या किमान एक वर्ष आधीपासून परिसरातील प्रत्येक झरा, विहीर आणि कूपनलिका यांची दरमहा नोंद सुरू करावी: पाण्याची पातळी, प्रवाह, तापमान, क्लोराइड, बोरॉन आणि आर्सेनिक. मापन करण्यासाठी गावातीलच दोन व्यक्तींना प्रशिक्षण आणि मानधन द्यावे, नोंदवही गावाच्या भाषेत असावी आणि तिची एक प्रत पंचायतीत किंवा वस्तीच्या प्रमुखाकडे राहावी. कोणत्या झऱ्याचा प्रवाह किती घटला की कोणती विहीर बंद करायची, हे त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर, करारावर सही होण्यापूर्वी, आकड्यांत लिहून घ्यावे.